‘चार दिवस नुसतं पाणी भरून ठेवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकानाचं शटर ओढताना वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बाथरूम नव्याने करून द्यायला १५ दिवस सांगून २० लागले, हे खरं आहे. त्यातले दोन दिवस टाइल्सची एक पेटी कमी पडली म्हणून गेले, ती मोजणीची चूक माझीच. पण "चार दिवस बाथरूममध्ये नुसतं पाणी भरून ठेवलं आणि माणसं गायब" हे वाक्य फार लागलं. एका स्टारचं एवढं वाटलं नाही.

ताई, ते पाणी भरून ठेवणं हेच काम होतं.

जुना कोबा फोडला तेव्हा खालचे विटांचे तुकडे ओलेचिंब निघाले होते, आठवतंय? एक तुकडा तुमच्या हातात दिला, तर तुम्ही नाकाला पदर लावलात. ते पाणी एका दिवसात मुरलेलं नव्हतं. टाइल पाणी अडवते असं सगळ्यांना वाटतं, पण टाइल वरची शोभा. अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा थर. म्हणून कोट दोन हात मारतो, एक उभा, एक आडवा, आणि पहिला वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. जमीन आणि भिंत मिळते तिथे वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, शॉवरच्या बाजूला भिंतीवर सहा फुटांपर्यंत कोट, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या, गळ्याभोवती वेगळं भरण. गळती बहुतेक वेळा मोकळ्या जमिनीतून होत नाही, या सांध्यांतून आणि पाइप स्लॅबमधून आरपार जातो तिथूनच होते. हे सगळं बरोबर झालं की नाही, ते टाइल बसायच्या आधीच कळायला हवं. म्हणून दाराशी विटांचा बांध घालून, ट्रॅपला रबरी बूच लावून चार इंच पाणी भरायचं आणि ४८ तास हात लावायचा नाही.

सोमवारी संध्याकाळी पाणी भरलं. भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली. मंगळवारी संध्याकाळी मी स्वतः बघायला आलो, तर पाणी रेघेच्या तीन इंच खाली! माझ्या पोटात गोळा आला. धावत खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो, त्यांच्या बाथरूममध्ये स्टुलावर चढून छताला तळहात लावून बघितला. ठणठणीत कोरडं. वर येऊन पाहतो तर बूच ट्रॅपमध्ये नव्हतंच, खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठेवलेलं होतं. कोणी काढलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. घरात माणसं राहतात, अंघोळीची अडचण होते, समजतं. पण घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. पुन्हा पाणी, पुन्हा रेघ, पुन्हा ४८ तास, म्हणजे गुरुवार संध्याकाळ. तुमचे चार दिवस ते हे. त्या दिवसांची हजेरी आम्ही बिलात लावलेली नाही, बिल काढून बघा. माझे वडील कडिया, म्हणजे गवंडी होते, पाणी न भरता टाइल लावायची नाही हे त्यांनीच शिकवलं. चुकलं एवढंच, की तेव्हाच फोन करून तुम्हाला हे सगळं सांगायला हवं होतं.

आता तुम्ही म्हणता ते छताच्या कोपऱ्यातले काळे डाग. ती गळती नाही, वाफ आहे. गीझरचं गरम पाणी, बंद दार, वर जिप्समचं फॉल्स सीलिंग. वाफ थंड कोपऱ्यात जाऊन पाणी होते आणि तिथे बुरशी धरते. एक्झॉस्ट फॅनसाठी सहा इंचांचं भोक आमच्या कोटेशनमध्ये होतं, "खिडकी आहे की, कशाला भोक" म्हणून तुम्ही ते खोडायला लावलंत. जिप्समऐवजी पीव्हीसी घ्या असंही मी म्हटलं होतं. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा स्वतःच ओली असते, तेव्हा नुसत्या खिडकीवर भागत नाही. अर्थात दार जमिनीला घासेल इतकं खाली आमच्याच सुताराने बसवलं, हेही सांगायला हवं. खालून हवा आत आली नाही तर फॅनसुद्धा ओढणार काय? तेवढी अर्धा इंच फट ठेवायला हवी होती.

रविवारी सकाळी ११ ला येतो, दुपारी २ ते ४ तुमच्या सोसायटीत आवाज चालत नाही म्हणून. दार खालून तासून देतो, डाग पुसून कोपरा रंगवून देतो. फॅन तुम्ही आणून ठेवलात तर भोक पाडायची मजुरी घेणार नाही. अंघोळीनंतर तो २० मिनिटं चालू ठेवा. आणि यापुढे पाणी कधी भरणार, कधी सोडणार हे कामाच्या कागदावर लिहून देऊ, असं ठरवतोय.

स्टारचं तुम्ही बघा, मी काही म्हणत नाही. फक्त आमचं ते रबरी बूच बहुतेक अजून तुमच्याच कट्ट्यावर आहे. रविवारी येईन तेव्हा तेवढं काढून ठेवा.