एसीत गॅस भरण्याआधी डॅशबोर्डचा कप्पा उघडा

एप्रिल लागला की सोलापुरात एसीवाल्यांकडं गाड्यांची रांग लागते आणि जो तो एकच सांगतो, "गार होईना, गॅस टाका." टाकणाऱ्याचं काय जातंय? तो टाकतो. अहो, पण एसीतला गॅस डिझेल-पेट्रोलसारखा जळून संपत नसतो. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झालाच असेल तर कुठंतरी गळतंय, आणि गळती न शोधता नुसता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात परत तीच रांग.

त्याआधी एसीच्या जाळीपुढं हात धरून बघा. ब्लोअर फुल्ल केला तरी हवा जेमतेम येतेय, पण येतेय ती गार आहे? मग गॅसला कशाला दोष देता, डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा, तो तुंबलाय. हवा जोरात येतेय पण कोमट, तर खुशाल गॅस, कंप्रेसर, कंडेन्सर तपासा. ही पारख गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, कारण साधा फिल्टर दोन-पाचशे रुपयांत येतो आणि त्यात कुणाचं पोट भरत नाही.

कित्येकांना हा फिल्टर असतो हेच माहीत नाही. बॉनेटखालचा एअर फिल्टर इंजिनासाठी. हा आपल्या नाकासाठी. काही जुन्या, खालच्या मॉडेलच्या गाड्यांत तर नुसती जागा असते, फिल्टर बसवलेलाच नसतो. तेवढं तरी एकदा बघून घ्या.

मागं मेहुण्याच्या गाडीतला काढला. त्याचं घर टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अंगाला, गाडी कायम उघड्यावर. फिल्टरच्या घड्यांत कापसाची तूस दाबून दाबून करड्या घोंगडीगत बसलेली. त्यात कडुनिंबाच्या काड्या, ज्वारीचं भूस, एक मेलेली गांधीलमाशी आणि गळीत हंगामात उडणारी काळी काजळी. मेहुणा म्हणतो, "दाजी, हे आपलं एक्स्पोर्टचं टॉवेल आहे का?" हसलो खरं, पण त्याची पोरं रोज त्याच टॉवेलमधून गाळलेली हवा घेत शाळेला जात होती.

म्हणून कंपनीच्या पुस्तकातलं वेळापत्रक मी इथं जसंच्या तसं मानत नाही. कुणी 10 हजार किलोमीटर लिहितं, कुणी 20 हजार, कुणी वर्षातून एकदा. त्याच पुस्तकात बारीक अक्षरात असतं की धुळीच्या भागात लवकर बदला. तो धुळीचा भाग म्हणजे आपणच की! राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये आला, त्यात हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. पीएम 10 म्हणजे बारीक धुळीची वर्षाची सरासरी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत पाहिजे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या बाजूनं एकदा जाऊन या, आकडा बघायची गरज पडत नाही.

माझा हिशेब असा: एक फिल्टर गुढीपाडव्याच्या आसपास, दुसरा दसऱ्याला. पाडव्याला गड्ड्याची धूळ, ज्वारीची मळणी, उसाचे ट्रॅक्टर सगळं उरकत आलेलं असतं आणि ऊन 40 च्या पुढं जायच्या बेतात असतं. दसऱ्याला पावसाळ्याची ओल धरलेला फिल्टर निघतो. तो कुबट वास अत्तराच्या बाटलीनं जात नाही. फिल्टर नसला किंवा फाटका असला की धूळ थेट ओल्या कूलिंग कॉइलवर जाऊन चिकटते आणि तिथं बुरशी धरते. मग डॅशबोर्ड खोलायचं काम निघतं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतोच, त्याच दिवशी पाच मिनिटं कप्प्यातही हात घालावा.

बऱ्याच गाड्यांत काम सोपं आहे. ब्लोअर बंद, डाव्या सीटपुढचा कप्पा रिकामा, बाजूला बारीक दांडी असली तर ती सोडवा, दोन्ही कडा आत दाबा, कप्पा खाली येतो. मागच्या झाकणाचे खटके दाबून फिल्टर सरळ ओढायचा. तिरका कराल तर सगळा कचरा ब्लोअरमध्ये पडतो. नव्यावरचा बाण हवा वाहते त्या दिशेला ठेवा. कडेला फट राहिली तर धूळ तिथूनच आत येते, मग नवा घालून फायदा काय?

पंक्चरवाल्याकडं हवा मारून किंवा नळाखाली धुऊन तोच परत बसवणारे महाभाग आहेत. काड्या-पानं झटकायला माझी ना नाही. पण बऱ्याच फिल्टरांच्या धाग्यांत बारीक धूळ ओढून धरणारा विद्युतभार असतो, तो पाण्यानं जातो. आणि हवेच्या दाबानं कागद फाटतो.

आणि हो, कडेवर स्केचपेननं तारीख आणि किलोमीटर लिहा. एका सर्व्हिस सेंटरनं माझ्या बिलात नवा फिल्टर लावला होता, आत मात्र माझ्याच अक्षरातली जुनी तारीख होती. काउंटरवर तो फिल्टर ठेवला, पैसे मुकाट्यानं परत.

कार्बनवाला, म्हणजे वास शोषणाऱ्या कोळशाचा थर असलेला फिल्टर घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. मळीचा वास, ट्रकचा धूर यात फरक पडतो, पण कार्बन कधी संपला ते डोळ्यांना दिसत नाही आणि किंमतही जास्त. महाग आहे म्हणून दोन वर्षं ठेवणार असाल, तर साधाच घ्या आणि वेळेवर फेका. मी साधाच घालतो.