मोल ठार आंधळा नाही, आणि मुंबईतली बिळे त्याची नाहीत

मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांवर सध्या मोल या जमिनीखाली बोगदे खणून राहणाऱ्या लहान प्राण्याविषयी एक चित्रफीत फिरते आहे. तिचे म्हणणे असे की, मोल हा उंदराच्या जातीचा प्राणी जन्मापासून ठार आंधळा असतो, त्या बदल्यात निसर्गाने त्याला मैलभरावरची हालचाल टिपणारे कान दिले आहेत, आणि आपल्या बागांमधली बिळे त्याचीच आहेत. यातले एकही विधान टिकत नाही, आणि शेवटच्या विधानापायी एका निरुपद्रवी प्राण्याचा जीव जातो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी आंधळेपणाविषयी. युरोपातल्या मोलचा डोळा जेमतेम १ मिलिमीटरचा असतो आणि दाट केसांत तो दिसतही नाही, हे खरे. पण त्या डोळ्यात भिंग आहे, दृष्टिपटल आहे, आणि दृष्टिपटलात अंधूक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींबरोबर रंग टिपणाऱ्या दोन प्रकारच्या शंकुपेशीही आढळल्या आहेत. स्पेन-पोर्तुगालमधल्या मोलच्या पापण्या तर कायमच्या जुळलेल्या असतात, तरीही प्रयोगात तो उजेड टाळतो. आकृती नीट ओळखण्याइतकी नजर त्याला नसेल, पण उजेड आणि अंधार यांतला फरक त्याला कळतो, आणि ज्याचे आयुष्य बोगद्यात जाते त्याच्या दृष्टीने ही माहिती क्षुल्लक नाही.

मैलभर ऐकणाऱ्या कानांना कसलाच आधार नाही. जमिनीतली कंपने टिपण्याबद्दल ख्याती आहे ती आफ्रिकेतल्या सोनेरी मोलची. नामिब वाळवंटात तो वाळूत डोके खुपसून कानोसा घेतो. त्याचे डोळे खरोखरच त्वचेखाली झाकलेले असतात, पण नाव सारखे असले तरी तो वेगळ्याच कुळातला, हत्तीच्या दूरच्या नात्यातला प्राणी आहे. चित्रफितीने दोघांची सरमिसळ केली आहे.

खऱ्या मोलचे सामर्थ्य त्याच्या नाकात आहे, आणि नेमके तेच चित्रफितीत नाही. मोलच्या नाकाच्या शेंड्यावर स्पर्श टिपणारे सूक्ष्म उंचवटे असतात; जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर आयमर यांनी १८७१ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना आयमरची इंद्रिये म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जागी राहणाऱ्या तारानाक्या मोलमध्ये हे सामर्थ्य कळसाला पोहोचले आहे. त्याच्या नाकाभोवती २२ मांसल किरण असतात, त्यांवर सुमारे २५,००० आयमर इंद्रिये असतात, आणि तेथून मेंदूकडे जाणारे चेतातंतू १,००,००० हून अधिक भरतात. माणसाच्या हाताच्या अख्ख्या पंजात स्पर्शाचे असे तंतू सुमारे १७,००० असतात. समोरची वस्तू खाण्याजोगी आहे की नाही हे ठरवून ती गिळून टाकायला त्याला सरासरी पाव सेकंदही लागत नाही. पाण्याखाली तर तो नाकातून बुडबुडे सोडतो आणि तेच पुन्हा आत ओढून वास घेतो.

वासाची दिशा मोलला कशी कळते, याचे उत्तर अमेरिकी जीवशास्त्रज्ञ केनेथ कॅटानिया यांच्या २०१३ मधल्या प्रयोगातून मिळाले. उत्तर अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका मोलची एक नाकपुडी बंद केली तेव्हा तो भक्ष्य सोडून उघड्या नाकपुडीच्या बाजूला वळत राहिला. बारीक नळ्यांनी डाव्या बाजूचा वास उजव्या नाकपुडीत आणि उजव्याचा डावीत सोडला, तेव्हा तो पार गोंधळला. दोन नाकपुड्यांत येणाऱ्या वासाची तुलना करून तो वाट काढतो, हे यातून दिसते. हे वाचून मला आजही थक्क व्हायला होते, आणि अशा प्राण्याची ओळख मुलांना केवळ ‘आंधळा’ म्हणून करून दिली जाते याचे मनापासून वाईट वाटते.

उंदराशी त्याचे नाते नाही. उंदराचे पटाशीसारखे, जन्मभर वाढणारे दात मोलला नसतात. तो गांडुळे आणि किडे खातो.

राहिली मुंबई. भारतात खरे मोल आहेत, पण ते पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत; महाराष्ट्रात नाहीत. बागेत बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला तर तो बहुधा घुशीचा. चित्रफीत पाहून लोक मोल समजून मारतात ती मात्र चिचुंद्री. भिंतीच्या कडेने चिरचिरत पळणारी, लांब नाकाची आणि उग्र वासाची ही चिचुंद्री मोलच्याच गणातली आहे, तिचे डोळे बारीक असले तरी उघडे आहेत, आणि स्वयंपाकघरातली झुरळे ती खाते. घुशींचा बंदोबस्त अवश्य करावा, पण चिकट सापळ्यात चिचुंद्री सापडली तर थोडे खाद्यतेल लावून तिला सोडवावे आणि बाहेर जाऊ द्यावे.