भरावावर बसून पाणी कसं बघावं

रविवारी संध्याकाळी लेकरं ‘तळ्यावर चला, तळ्यावर चला’ म्हणून मागं लागली, तर आधी त्यांना जवळ बसवून एक गोष्ट नीट समजावून सांगा. तळ्यावर म्हणजे तळ्याच्या काठावर नव्हे, तळ्याच्या वर. नवी बाग जिथं आहे तिथं पूर्वी पाणी होतं. पाण्यात मुरूम पडला, मुरमावर कच, कचीवर गट्टू, आणि त्या गट्टूंवरून आता तुम्ही सहकुटुंब चपला वाजवत फिरणार आहात. व्याकरणाला इतका धरून झालेला विकास फार कमी बघायला मिळतो. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या तुमच्या तालुक्याचं नाव घालून बघा, बहुतेक बसेल.

सोबत मुंबईचे पाहुणे असतील तर दबून जाऊ नका. ते कोस्टल रोडचं सांगतील. १११ हेक्टर जमीन समुद्रात भराव टाकून केली, आता तिथं फिरायला काय झकास झालंय वगैरे. शांतपणे ऐकून घ्या आणि मग विचारा, समुद्र हटवायला कष्ट किती पडले? आपल्याकडं तो प्रश्नच नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आला तर. आपलं पाणी मुळातच भिडस्त. फेब्रुवारी लागला की स्वतःहून मागं सरकतं, आणि ते सरकलं की मुरमाचे हायवा पुढं सरकतात. ना लाटा, ना भरती, ना कोळीवाड्याचा मोर्चा. पाहुणे तरीही ‘पण तुमच्याकडं समुद्र नाही ना’ म्हणाले, तर त्यांना नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं नाव सांगा. राष्ट्रकूटांच्या काळात तिथं तलाव झाला, त्याचं नाव जगत्तुंग समुद्र. तेव्हा तलावाला समुद्र म्हणायची आपली ऐपत होती. आज डबक्याला ‘लेक व्ह्यू’ म्हणतो. परंपरा मोडलेली नाही, फक्त माप उतरलंय.

जायचं कधी, हे महत्त्वाचं. डिसेंबरात गेलात तर पाणी दिसण्याची शक्यता असते. त्यानंतर हिरवंगार काहीतरी दिसेल, त्यावर सतरंजी टाकायला धावू नका. ती जलपर्णी आहे. लॉन आणि जलपर्णी ओळखण्याची सोपी खूण अशी की जे पिवळं पडलंय ते लॉन. मेमध्ये गेलात तर दोन्ही नसतं, पण कारंजं असतं. म्हणजे कारंज्याचा हौद असतो, नळ्या असतात, रंगीत दिवे असतात आणि ‘पाणीटंचाईमुळे शो रद्द’ असा फलक असतो. फलक मात्र बारमाही आहे. नाराज होऊ नका. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा आपण पाणी बघायला स्टेशनवर गेलो होतो. तिथं बसायला बाक नव्हते. इथं बाक आहेत, आणि प्रत्येक बाकावर तो कोणाच्या प्रयत्नांतून बसला हे लिहिलेलं आहे.

चालताना मात्र खाली बघून चाला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावर नुसता मुरूम लोटला की ती आपला स्वभाव विसरते असं कुठल्याच शेतकऱ्याचं म्हणणं नाही. पण शेतकऱ्याला निविदा भरता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी वॉकिंग ट्रॅक सपाट असतो, दुसऱ्या वर्षी त्याला लाटा येतात. पाण्यावर नसल्या तरी काय झालं, तळ्यावर लाटा पाहिजेतच. मधुमेहासाठी चालणारी मंडळी इथं येतात आणि गुडघ्याचे पेशंट होऊन जातात, त्यामुळं डॉक्टर तुटत नाही.

नशीब जोरावर असेल तर पलीकडच्या टोकाला एक देखावा बघायला मिळतो. २०१७ पासून सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तळ्यातला गाळ काढायचा, शेतकऱ्यानं तो रानात न्यायचा, तळ्याची खोली वाढते, जमिनीचा कस वाढतो. खरंच चांगली योजना आहे, यात उपरोध नाही. आमच्या तळ्यात ती पूर्वेच्या बाजूनं राबवली जाते. पश्चिमेच्या बाजूनं बागेचा दुसरा टप्पा चालू आहे. एक जेसीबी काढतोय, एक जेसीबी लोटतोय. दोघांची गाठ पडायला अजून अवकाश आहे. पडली की मध्ये पूल बांधावा अशी मागणी निवेदनात आली आहे.

बाकावर एखादे निवृत्त गृहस्थ कायदा काढतील. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत, पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. त्यांना चहा पाजा आणि नम्रपणे सांगा, काका, तेच नियम पुढं वाचा. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेले तलाव त्यातून वगळलेत. आपल्या पूर्वजांनी तळं हातानं खणलं ही त्यांचीच चूक. आपोआप झालं असतं तर वाचलं असतं. शिवाय त्या नियमात होडीच्या धक्क्याला सूट आहे. आमच्याकडं सगळ्यात आधी धक्काच बांधला. त्याच्या पायरीला टेकून बदकाच्या आकाराची एक बोट चिखलात बसलेली आहे. पोरं तिच्यात बसून पायडल मारतात. पुढं जात नाही, पण बुडतही नाही. आई-बाप निर्धास्त.

आता एक अनुभवाचा सल्ला. म्हातारी माणसं सोबत नेऊ नका. मी आमच्या मामांना नेलं. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून ते याच तळ्यात पोहायला शिकले. पोळ्याला आजोबा बैल धुवायला आणायचे ते इथंच. मामा गेटातून आत आले, लोकार्पणाची कोनशिला वाचली, चष्मा पुसला, आणि ओपन जिमच्या सायकलीपाशी जाऊन थांबले ते हलेनात.

‘‘इथं डोह होता,’’ म्हणाले. ‘‘दोन परस पाणी. त्या वडावरून उडी टाकायचो.’’

वड नव्हता. त्या जागी ‘आय लव्ह’ आणि पुढं आमच्या गावाचं नाव असा लाल अक्षरांचा सेल्फी पॉइंट होता.

‘‘कामून बुजवलं रे हे?’’

‘‘मामा, सुशोभीकरण केलंय.’’

‘‘मंग आधी काय ध्यान दिसत होतं का?’’

बघा, चारचौघांत अशी उत्तरं द्यावी लागतात. विषय बदलावा म्हणून मी त्यांना विसर्जनाचा हौद दाखवला. तळ्यात गणपती बुडवायला बंदी आहे, प्रदूषण होतं, म्हणून तळ्याच्या जागेत पक्का हौद बांधलाय आणि तो टँकरनं भरतात. मामा हौदात वाकून बघत राहिले. मग विचारलं, ‘‘म्हंजे बाप्पा तळ्यातच जातो ना शेवटी?’’ मी म्हणालो, हो, फक्त आठ फूट वर.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी जरा सांभाळून. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं पाऊस बघितला तो विसरण्यासारखा नाही. आमच्याकडंही तळ्याला मिळणारा जुना नाला, जो नकाशावरून काढून टाकला होता, तो रातोरात वाट काढत आला. सकाळी बघतो तर ओपन जिमच्या सायकलीचं नुसतं हँडल वर. पहिल्यांदाच बागेतून खरोखर पाणी दिसत होतं आणि नेमकी त्याच दिवशी बाग बंद. गावभर बोंब झाली, बागेत पाणी घुसलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘‘पाणी कसं घुसंल बागंत? बागच पाण्यात घुसलीय की.’’ अशी माणसं घरात असली की शासनाच्या कामाचं कौतुक करायची सोय राहत नाही. पंचनामा झाला, नव्यानं भराव मंजूर झाला, आणि यावेळी तो तीन फूट जास्त उंच आहे. म्हणजे पाणी आणखी वरून दिसेल.

परवा मामा पुन्हा चला म्हणाले. गेलो. कठड्याच्या बाहेर एक पायरी उतरले तोच वॉचमननं शिटी मारली, ‘‘आजोबा, पाण्याजवळ जायचं नाही!’’ पाणी तिथून शंभर पावलांवर होतं. मामा गुपचूप माघारी आले. तेवढ्यात लॉनला पाणी द्यायला टँकर आला. त्याचा मागचा कॉक गळका. सगळी पोरं बदकाची बोट सोडून टँकरमागं पळाली, ओंजळी भरून एकमेकांवर उडवायला लागली. मामाही धोतर सावरत गेले, धारेखाली हात धरला, तोंडावरून फिरवला, मानेवर घेतला.

तुम्ही गेलात तर टँकर साधारण साडेपाचला येतो. वॉचमन तेव्हा चहाला गेलेला असतो. घ्या हात धुऊन.