पार्कजवळचं हॉटेल ही उधळपट्टी नव्हे. फक्त अंतर दारापासून मोजा

उन्हाळ्याच्या सुट्टीची तिकिटं काढायची वेळ आली की वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांतून एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला तिघींनी पाठवला. त्यातली एक माझी सख्खी धाकटी बहीण. ती मे महिन्यात मुलांना आणि सासऱ्यांना घेऊन कॅलिफोर्नियाला निघाली आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मजकूर थोडक्यात असा: डिस्नीलँड असो, सिंगापूरचं युनिव्हर्सल असो की आपलं इमॅजिका, पार्कला चालत जाता येईल असं हॉटेल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. एक, तेवढ्याच पैशात लांब दुप्पट मोठी खोली मिळते. दोन, दिवसभर तुम्ही पार्कातच असता, हॉटेल जवळ असून उपयोग काय? तीन, कॅब आणि हॉटेलची शटल आहेच. चार, ‘चालत जाण्याच्या अंतरावर’ हे हॉटेलवाल्यांचं थोतांड आहे. पाच, बरोबर वयस्कर माणसं असतील तर त्यांना चालवण्यापेक्षा गाडी कधीही बरी.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे चारही त्याच्यावर उभे आहेत. दिवसभर पार्कात कोण असतं? माझी कॉलेजातली मुलगी असते. चार वर्षांचं मूल नसतं आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई तर नसतातच. म्हणजे त्या तिथे असतात, पण कशा, ते सांगते.

२०१८च्या जूनमध्ये आम्ही वडोदऱ्याहून आणि दीर-जाऊबाई डलासहून असे सात जण कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या डिस्नीलँडला गेलो. हॉटेल नऊ किलोमीटर लांब, शेजारच्या गावात. खोली खरंच मोठी होती, सोफ्यासकट. सकाळी आठला निघालो. एक वाजता ऊन डोक्यावर आलं आणि पुतण्या रडायला लागला. त्याला भूक नव्हती की कुठे लागलं नव्हतं, त्याला फक्त झोप हवी होती. हॉटेलवर परत जायचं तर गाडी बोलवा, ती थांबते तिथपर्यंत चाला, वाहतुकीत अडका, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट करा. कोणी उठलं नाही. सासूबाई एका झाडाखालच्या बाकावर अडीच तास बसून राहिल्या. मांडीवर झोपलेला नातू, दोन्ही बाजूंना आमच्या सगळ्यांच्या पिशव्या. मी तीनदा विचारलं तर तिन्ही वेळा म्हणाल्या, “मी मजेत आहे गं, तुम्ही फिरा.” त्यांचा गुडघा त्या संध्याकाळी मोसंबीएवढा सुजला होता.

पाच वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा पार्कसमोरच्या हार्बर बुलेव्हार्ड या रस्त्याच्या पलीकडचं हॉटेल घेतलं. खोली लहान. दोन पलंगांमध्ये बॅग उघडायलाही जागा नव्हती, पण छोटा फ्रिज होता आणि मायक्रोवेव्ह होता. सव्वा वाजता पार्कातून निघालो. सासूबाईंच्या चालीने अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून मोजली. फ्रिजमधला दहीभात, आदल्या दिवशीची खिचडी गरम करून, वरून वडोदऱ्याहून नेलेला लीलो चेवडो. पडदे ओढले आणि सगळे दोन तास झोपलो. साडेपाचला उन्हं कलल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत. त्याच दिवशी बाहेर जाऊन परत येता येतं तिथे. रात्रीची आतषबाजी सासूबाईंनी उभ्या राहून पाहिली. हॉटेल जवळ असल्याचा उपयोग काय, याचं माझ्याकडचं उत्तर हे आहे.

आता शटल आणि कॅब. हा मुद्दा लिहिणाऱ्याने सकाळची वेळ डोळ्यांसमोर ठेवलेली दिसते. सकाळी माणसं सुटी सुटी येतात, गाडी मिळते, सगळं सोपं असतं. रात्री तसं नसतं. आपण वडोदऱ्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. लहानपणी आजव्याच्या बागेत रंगीत कारंजी बघायला जायचो. कारंजी बंद झाली की सगळी बाग एकदम उठायची आणि एकाच दिशेने धावायची. येताना जो रस्ता अर्ध्या तासाचा वाटला, तोच परतताना संपता संपायचा नाही. मागच्या सीटवर आम्ही भावंडं एकमेकांच्या अंगावर झोपलेली. डिस्नीलँडच्या आतषबाजीनंतर अगदी हेच होतं, फक्त माणसं कितीतरी पट जास्त. हजारो लोक एकाच वेळी मोबाइल काढून गाडी बोलावतात, भाडं वर चढतं, गाडी ‘चार मिनिटांवर’ असं दाखवते आणि तीच चार मिनिटं पंचवीस मिनिटं चालतात. २०१८ला आमच्या हॉटेलची शटल होती. ती एका फेरीत जेमतेम वीस माणसं घेई आणि पुढची फेरी पाऊण तासाने. आम्ही सात जण, त्यामुळे दोनदा मागे राहिलो. दिराच्या खांद्यावर झोपलेला मुलगा आणि फुटपाथच्या कडेला रुमाल टाकून बसलेल्या सासूबाई, हे चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शटल असेल तर घ्या, पण खोली ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: शेवटची फेरी किती वाजता, एका वेळी किती माणसं, आणि जागा आधी राखून ठेवता येते का.

पैशाचा हिशेब. मजकुरात फक्त खोलीचं भाडं खोलीच्या भाड्याशी ताडलं आहे. समजा जवळच्या खोलीला रात्रीमागे ५० डॉलर जास्त पडतात. सात माणसांना मोठी कॅब लागते. दुपारी परत यायचं म्हटलं तर दिवसाच्या चार फेऱ्या. भाड्याची गाडी असेल तर डिस्नीलँडला ती लावायचेच दिवसाला ३० डॉलरहून जास्त. ते ५० तिथेच संपतात. मात्र एक गोष्ट मजकूरवाल्यांच्या बाजूने नोंदवायला हवी: पार्कजवळची बरीच हॉटेलं स्वतःच्या आवारात गाडी ठेवायचेही रोजचे पैसे घेतात, आणि अ‍ॅनाहाइममध्ये खोलीच्या दरावर १५ टक्के शहराचा कर लागतो. पहिल्या पानावरचा दर बघून ठरवू नका. शेवटी द्यायची पूर्ण रक्कम बघा, दोन्ही हॉटेलांची.

‘थोतांड’ हा शब्द मात्र मला लागला, आणि त्यात अर्धं सत्य असल्यामुळे जास्तच लागला.

जवळची हॉटेलं तिथे कशी आली ते आधी समजून घेऊ. वॉल्ट डिस्नीने डिस्नीलँडसाठी घेतली ती १६० एकर जमीन, संत्र्यांच्या बागांची. १७ जुलै १९५५ला पार्क उघडलं तेव्हा स्वतःचं हॉटेल बांधायला त्याच्याकडे पैसा उरला नव्हता. ‘डिस्नीलँड हॉटेल’ हे नाव असलेलं हॉटेलसुद्धा जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच उद्योजकाने बांधलं, आणि ते डिस्नी कंपनीच्या हातात आलं १९८८ला. आजूबाजूच्या जमिनीवर कंपनीचा ताबा नव्हता, त्यामुळे रस्त्यापलीकडे भराभर मोटेल उभी राहिली. वॉल्टला ती गर्दी मुळीच आवडली नाही. पण आपल्यासारख्यांचा फायदा त्यातूनच झाला. पूर्वेच्या हार्बर बुलेव्हार्डवर पायी येणाऱ्यांसाठी प्रवेश आहे आणि समोरच वेगवेगळ्या मालकांची, वेगवेगळ्या दरांची हॉटेलं आहेत. पाच ते दहा मिनिटांत माणूस तपासणीच्या रांगेत असतो. इथे ‘चालत जाण्याच्या अंतरावर’ हे शब्दशः खरं आहे.

आता त्यातली मेख. दक्षिणेला कॅटेला अ‍ॅव्हेन्यू आहे. तिथल्या हॉटेलाची जाहिरातही ‘पार्कसमोर’ म्हणते आणि नकाशावर हॉटेल नि पार्क एकमेकांना चिकटलेले दिसतात. पण त्या बाजूला पार्कची पाठ आहे. रस्त्यावरून येणाऱ्यासाठी तिथे दार नाही. कॅटेलाने चालत हार्बरच्या कोपऱ्यापर्यंत यायचं, मग हार्बरने वर प्रवेशापर्यंत. खिडकीतून दिसणारं पार्क चालायला लागलं की किलोमीटरच्या पुढे जातं. फसवणूक होते ती इथे, कारण आपण अंतर पार्कच्या नावापर्यंत मोजतो, दारापर्यंत मोजत नाही. हॉटेलवाल्याला ते चांगलं माहीत असतं.

फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये सगळंच उलटं. अ‍ॅनाहाइमचा धडा घेऊन वॉल्टने तिथे २७,००० एकरांहून जास्त जमीन घेतली, म्हणजे जवळजवळ ११० चौरस किलोमीटर, दुसऱ्या कोणाचं हॉटेल दारात येऊच नये म्हणून. १९७१ला तिथलं पहिलं पार्क, मॅजिक किंगडम, उघडलं. बाहेरून गाडीने आलात तर वाहनतळावरून आधी तिकीट-वाहतूक केंद्रावर जायचं आणि तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळं ओलांडायचं, तेव्हा पार्कचं दार येतं. चालत जाता येतं ते कंटेम्पररी, ग्रँड फ्लोरिडियन अशा कंपनीच्याच महागड्या हॉटेलांतून. मध्यमवर्गीय कुटुंबाने तिथे चालण्याचा हट्ट धरू नये. कंपनीच्याच स्वस्त हॉटेलात राहून त्यांच्या फुकट बसने जावं. तिथे मी मजकूरवाल्यांच्या बाजूची आहे.

सिंगापूरलाही. आपले लोक जेवणासाठी लिटल इंडियात राहतात, सरंगून रोडवर डोसा-भात मिळतो म्हणून, आणि ते अगदी योग्य आहे. लिटल इंडिया स्टेशनवरून जांभळ्या रंगाची नॉर्थ ईस्ट लाइन थेट हार्बरफ्रंटला जाते. गाडी बदलावी लागत नाही, मध्ये फक्त चार स्टेशनं. पुढे युनिव्हर्सल ज्यावर आहे त्या सेंटोसा बेटावर पुलावरून चालत जा नाहीतर छोट्या रेल्वेने. सेंटोसावरच्या हॉटेलचे पैसे मोजून रोजच्या वरणभाताची चिंता विकत घेण्यात अर्थ नाही. लहान मूल असेल आणि दुपारची झोप हवीच असेल तर गोष्ट वेगळी.

इमॅजिकाबद्दल लोक विचारतात म्हणून थोडं. ते २०१३ला खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झालं आणि पार्कला लागून हॉटेल आलं २०१५ला. चालत म्हणजे तेवढंच. खोपोली गावातून पायी जायचा विचार पावसाळ्यात तर करूच नये. रस्त्यावर ट्रक असतात आणि तिथला पाऊस आपल्याकडच्यासारखा नसतो. वडोदऱ्याहून साडेचारशे किलोमीटर गाडी चालवून गेलेल्या माणसाकडे गाडी असतेच. त्याने खोपोलीत राहिलं तर काही बिघडत नाही. लोणावळ्यात राहणाऱ्यांनी मात्र शनिवार-रविवारचा बोरघाट हिशेबात धरावा.

राहिला वयस्कर माणसांचा मुद्दा. त्यांना चालवू नये ही माया मी समजू शकते. पण गाडी त्यांना बसल्या जागेवरून उचलून पार्कात ठेवत नाही. मोठ्या पार्कांत वाहनतळ किंवा कॅब थांबते ती जागा दारापासून लांब असते. गाडीने गेलं तरी चालणं चुकत नाही, उलट ताटकळणं वाढतं. आतलं चालणं वेगळंच, त्यासाठी दारात व्हीलचेअर भाड्याने मिळते आणि ती लाज न वाटता घ्यावी. सासूबाईंशी आम्ही अंतर नेहमी आपल्या गावच्या मापाने बोलतो. मांडवीपासून लहेरीपुरा दरवाज्यापर्यंत त्या रोज भाजीची पिशवी घेऊन जातात-येतात. “तेवढंच आहे, आई,” म्हटलं की त्या तयार होतात. त्याच्या दुप्पट असेल तर मध्ये बसायला जागा आहे का, ते मी आधी बघून ठेवते. मीटर आणि मैल त्यांना काही सांगत नाहीत. पण मांडवी म्हटलं की त्यांना लगेच कळतं.

काल रात्री बहिणीचा फोन आला. दोन हॉटेलं काढून ठेवली होती तिने, दोघांच्याही जाहिरातीत ‘पार्कपासून चालत’ असं लिहिलेलं. मी तिला नकाशा उघडायला लावला आणि पायी रस्ता हॉटेलच्या दारापासून हार्बरच्या प्रवेशापर्यंत काढायला सांगितला, नुसतं ‘डिस्नीलँड’ टाकून नाही. एकाचं अंतर आलं ६५० मीटर, दुसऱ्याचं दोन किलोमीटरला जरा कमी. दुसऱ्याची खोली मोठी होती आणि नाश्ता फुकट होता. तिने दोन मिनिटं विचार केला, पहिलं ठरवलं, आणि सासऱ्यांसाठी लिफ्टजवळची खोली मागून घेतली.