दाखला लेट झाला की ५००० रुपये अर्जदाराला मिळतात म्हणे… नाही!

सोलापुरातल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय की उत्पन्नाचा, जातीचा दाखला मुदतीत नाही दिला तर सरकार अर्जदाराच्या खात्यात ५००० टाकतं. चुकीचंय हे.

मूळ गोष्ट खरी आहे पण अर्धीच. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात दंड आहे ५०० ते ५००० पर्यंत, पण तो अधिकाऱ्याला होतो, आणि तोही अपिलात सिद्ध झालं की सबळ कारण नसताना उशीर केला तरच. अर्जदाराच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही, त्यामुळं बँक डिटेल मागणारी लिंक आली तर सरळ डिलीट मारा.

आता कामाचं बोलू. अर्ज दिला की पोच घ्या, नंबर आणि तारीख असलेली. मुदत मोजतात ती सगळी कागदपत्रं पूर्ण असलेला अर्ज मिळाला तिथून, एक झेरॉक्स कमी असली की गाडी तिथंच अडकते, आणि बरेच जण इथंच फसतात बगा. कुठल्या सेवेला किती दिवस ते ऑफिसच्या बोर्डावर लावणं कायद्यानं बंधनकारक आहे, बोर्ड दिसला नाही तर बिनधास्त विचारा.

मुदत गेली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं. मग दुसरं, आणि तिसरं थेट लोकसेवा हक्क आयोगाकडं. ॲडमिशनच्या टायमाला नुसतं टेबलासमोर भांडण्यापेक्षा हे अपील टाका राव, फॉरवर्ड करणाऱ्यानं नेमकं तेच लिहिलं नाही.