तसंच काहीतरी द्या

परवा संध्याकाळी आमच्या वाचनालयात माझी जी शोभा झाली ती मी अजून घरी सांगितलेली नाही, कारण घरचे म्हणणार, तुला कोणी मधे पडायला सांगितलं होतं.

झालं एवढंच की काउंटरवर एक ताई शिवाजी सावंतांचं कर्णावरचं 'मृत्युंजय' परत करत होत्या आणि म्हणाल्या, "मस्त होतं हो, आता तसंच काहीतरी द्या." ग्रंथपाल मॅडम रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, "कपाट उघडंय, बघा." आता कोणी 'पुढे काय वाचू' असं विचारलं आणि मी गप्प बसलो असं आजवर झालेलं नाही. मी सरसावलो. म्हटलं, "बनगरवाडी वाचलंय का? माडगूळकरांचं. एक तरणा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो..."

"दुष्काळ पडतो आणि गाव उठतं," मागून आवाज आला.

पेपरच्या टेबलावरचे काका. हे काका तिथे रोज असतात, पेपर दोन्ही हातांनी असा पसरून धरतात की बाकीच्यांना फक्त मागचं क्रीडा पान वाचता येतं, आणि पेपरची मधली पानं काढून मांडीखाली दाबून ठेवायची त्यांची सवय सगळ्यांना माहीत आहे.

"तुम्ही वाचलंय?" मी विचारलं.

"पिक्चर पाहिलाय. पालेकरांचा. चांगला होता, पण शेवट रडका."

ताईंनी लगेच मान हलवली, "रडकं नको हो, आधीच कर्ण गेलाय."

मग मी 'रणांगण' काढलं. ताई म्हणाल्या युद्धाचं नको. मी सांगितलं की अहो नाव तसं आहे, पण ही 1939 सालची कादंबरी, बेडेकरांची, बोटीवरची प्रेमकथा आहे, युरोपातून मुंबईला येणारा आपला मराठी माणूस आणि जीव वाचवून निघालेली ज्यू मुलगी, आणि पानं किती, एवढीशी, दोन दुपारीत संपेल. मला वाटलं जमलं. काका म्हणाले, "ते पानिपतावरचं ना? नाटक पाहिलंय मी." मी म्हटलं ते वेगळं रणांगण. काका म्हणाले, "असेल, पण पानिपतात आपण हरलो." यावर काय बोलणार?

जयवंत दळवींचं 'चक्र' म्हटल्यावर मात्र काका थोडा वेळ गप्प झाले. "स्मिता पाटीलचा," एवढंच म्हणाले आणि पेपर जरा वर धरला. मग सावरून, "लेडीजनी वाचण्यासारखं नाही ते."

शेवटी मी हुकमाचं पान टाकलं. 'कोसला'. 1963 सालची, नेमाडे तेव्हा जेमतेम पंचविशीचे. ताईंनी विचारलं, काय आहे त्यात? मी सांगितलं, खानदेशातला एक पोरगा पुण्याला कॉलेजला येतो. मग? मग हॉस्टेल, मेस, सेक्रेटरी होतो, बापाचे पैसे उडवतो. मग? मग गावी परत जातो. मग? मग... गावीच असतो. हे सगळं मी ज्या उत्साहाने सांगत होतो तो मला स्वतःलाच ऐकू येत होता.

काका म्हणाले, "पिक्चर निघाला का त्याच्यावर?"

"माझ्या तरी पाहण्यात नाही."

"इतक्या वर्षांत नाही निघाला. समजून घ्या काय ते."

आता खरं सांगायचं तर राग मला काकांचा नाही, थोडा आहे, पण जास्त राग त्या कपाटाचा आहे. ती 'बनगरवाडी'ची प्रत मी बघितली. मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शेवटचा शिक्का अनेक वर्षांपूर्वीचा, निळी शाई पार उडालेली, आणि आत समासात कोणीतरी पेन्सिलीने 'फालतू' लिहिलंय, त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात 'तू फालतू'. म्हणजे निदान दोघांनी तरी वाचलं. आमचं वाचनालय सरकारी वर्गवारीत 'क' वर्गात आहे, अनुदान येतं तेव्हा येतं, मॅडमना जे मिळतं त्याला पगार म्हणायची त्यांनाच लाज वाटते, मग त्या कशाला उठून कपाटापाशी येतील? राज्याचा ग्रंथालय कायदा 1967 चा आणि 'मृत्युंजय'ही 1967 चं. कर्ण अजून हातोहात जातो, कायद्यातल्या वाचनालयात मात्र पंखा लावायचा की ट्यूब यावर कमिटीची मीटिंग होते. आणि नवीन खरेदी कसली, तर स्पर्धा परीक्षेची गाइडं, कारण पोरं तेवढ्यासाठीच येतात, त्यांचंही चुकत नाही म्हणा.

तर तोवर काकांनी निकाल दिला होता. "ताई, तुम्ही छावा घ्या. त्याच लेखकाचं. पिक्चर पण येऊन गेला."

मॅडम पहिल्यांदाच मान वर करून म्हणाल्या, "छावाला नंबर आहे. आधी तिघं आहेत."

"लावते मी नंबर," ताई म्हणाल्या, एकदम खूश. मी हातात चार पुस्तकं घेऊन उभा, आणि ती परत जागेवर ठेवायला लागलो तर मॅडम, "तिथे नका ठेवू, टेबलावर ठेवा, तुम्ही लोक नंबर चुकवता."

जाता जाता मी काकांना विचारलंच, तुम्ही सध्या काय वाचताय? तर म्हणाले, "मी मेंबर नाही हो. डिपॉझिट कोण भरणार? पेपर फुकट असतो."

खाली चपला घालताना ताई भेटल्या. मला वाटलं, निदान थँक्यू तरी म्हणतील. त्यांनी विचारलं, "ते काका रोज साधारण किती वाजता असतात?"