मगर, साठमारी आणि एप्रिलचं अप्रेझल

गेल्या आठवड्यात बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये खिचडी-कढी खाताना विषय निघाला, की हातात काहीही न घेता तुम्ही कुठल्या प्राण्याला लोळवू शकाल? कुणीतरी मोबाईलवर आकडे काढून दाखवले. २०२१ साली यूगव्ह या सर्वेक्षण कंपनीनं अमेरिकेत लोकांना हाच प्रश्न विचारला होता. उंदराला हरवू म्हणणारे ७२ टक्के, हंसाला ६१. इथवर ठीक. पण मगरीला हरवू म्हणणारे ९ टक्के निघाले, हत्तीला ८ आणि ग्रिझली अस्वलाला ६. (मला काळजी वाटली ती उरलेल्या २८ टक्क्यांची, ज्यांना उंदराचीसुद्धा खात्री नव्हती.)

सेल्सच्या भाईनं लगेच बाह्या सरसावल्या. "मगर ने? मोढुं बांधी दो, पती गयुं!" (तोंड बांधा, झालं काम!)

आता बडोद्यात मगर हा काही गोष्टीतला प्राणी नाही. विश्वामित्री नदी गावाच्या मधून वाहते आणि तिच्यात त्या शेकड्यानं आहेत. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात अकोट्याला घराच्या छतावर बसलेली मगर सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. आम्ही ती आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिली, मग गच्चीचं दार लावून घेतलं. भाई म्हणाला ते अर्धं खरंही आहे. मगरीचे जबडा मिटणारे स्नायू भयंकर, उघडणारे त्या मानानं अगदीच कमजोर. खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरीच्या चाव्याचा जोर सोळा हजार न्यूटनच्या वर मोजलाय, म्हणजे दीड टनाहून जास्त वजन. आपली नदीतली जात त्याहून लहान, पण आपला हातही काही लोखंडाचा नाही. एकदा मिटलेलं तोंड साध्या दोरीनं बांधता येतं. प्रश्न एवढाच, की ते मिटतं तेव्हा तुमचा हात बाहेर असतो का.

टेबलावर आमची नवी जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, बसली होती. लागून सहा महिने झालेत. तिनं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "पाण्यात की जमिनीवर? किती फुटी? थंडीत की उन्हाळ्यात?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. आणि मग हसू थांबलं, कारण ही मीच होते, पंधरा वर्षांपूर्वीची.

तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत होते, प्रेशर वेसल, म्हणजे आत दाब सोसणाऱ्या टाक्या, बनवणाऱ्या. एक वेसल मार्च अखेरीस रवाना व्हायचं होतं आणि उशीर झाला होता. मीटिंगमध्ये टूम निघाली, की हायड्रोटेस्टमध्ये, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीत, वेळ जातो, पाणी भरा, काढा, वाळवा. त्यापेक्षा हवेवर टेस्ट करून टाकू. साहेबांनी विचारलं, "होईल ना?" माझ्याबरोबरच लागलेला एक जण म्हणाला, "हो सर, करून टाकू." मी म्हटलं, "आतला व्हॉल्यूम किती? माणसं किती लांब उभी करणार? वेल्डचं रेडिओग्राफी पूर्ण झालंय का? क्लायंटची लेखी मंजुरी आहे का?" इंजिनिअर नसलेल्यांसाठी सांगते. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून काही फुटलं तर दाब झटकन उतरतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी शक्ती साठवून ठेवते, आणि फुटली तर बॉम्बच. कोडमध्ये, म्हणजे वेसलच्या नियमावलीत, पाण्याच्या टेस्टला कमाल कामकाजी दाबाच्या निदान १.३ पट जावं लागतं आणि हवेच्या टेस्टला १.१ पट, ते उगाच नाही.

शेवटी क्लायंटच्या इन्स्पेक्टरनंच अडवलं आणि टेस्ट पाण्यावर झाली. एका नोझलच्या वेल्डमधून सुईएवढी धार आली. दोन दिवस गेले, वेल्ड खरवडून पुन्हा भरला, वेसल गेलं. एप्रिलमध्ये "करून टाकू"वाला डेप्युटी मॅनेजर झाला. माझ्या फॉर्मवर लिहून आलं : टेक्निकली स्ट्राँग, मोर ॲग्रेसिव्ह व्हायला हवं.

मी कितीतरी वर्षं हा किस्सा स्वतःला हुतात्मा करून सांगत असे. नवऱ्याला तो पाठ आहे.

आमचे आजोबा दांडिया बाजारात जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात जाणारे. त्यांना वडील माणसांनी पाणीगेटकडच्या अगडाच्या, म्हणजे हत्तींच्या मैदानाच्या, गोष्टी सांगितलेल्या, त्या त्यांनी आम्हाला सांगितल्या. गायकवाडांच्या काळात तिथे हत्तींच्या झुंजी होत. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्याला आला तेव्हा त्यालाही दाखवल्या. आणि दुसरा खेळ साठमारीचा : मस्तीत आलेला हत्ती एका बाजूला आणि त्याला डिवचणारी उघडीवाघडी माणसं दुसऱ्या बाजूला. हातात चाबूक किंवा लाल कापड, त्याला हत्यार म्हणायचं तर म्हणा. अगडाच्या भिंतीत बारकी दारं ठेवलेली असत. माणूस सुटेल, हत्ती अडेल, एवढीच. आजोबा म्हणायचे, "साठमाऱ्याची निम्मी नजर हत्तीवर आणि निम्मी दारावर."

आता पेपरात "सत्तेची साठमारी" असं छापून येतं आणि आपल्याला वाटतं, दोन बलदंड एकमेकांवर धडकतायत. ऑफिसमध्येही तोच अर्थ. मुळात त्या खेळात माणसानं हत्तीला हरवणं कुणाच्या ध्यानीमनीही नसे. ९ टक्के आणि ८ टक्के वाल्यांना तिथे पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. उचलून.

पण आजोबांच्या त्या वाक्याची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. साठमाऱ्या दाराकडे बघायचा, पण दाराशी उभा राहून शंका काढत नव्हता. तो मैदानात असायचा. त्या मीटिंगमध्ये मी चार प्रश्न विचारले, चारही बरोबर. आणि उत्तर एकही दिलं नाही. साहेबांसमोर एक "हो" होतं आणि एक प्रश्नपत्रिका. त्यांनी "हो" उचललं. मी जर म्हटलं असतं, "होईल, पण पाण्यावर, मला मोठा पंप आणि रात्रपाळीला दोन माणसं द्या, परवा सकाळी रिपोर्ट देते," तर गोष्ट वेगळी झाली असती. कदाचित नसतीही. बाल्कनीत बसणाऱ्यांना उडी मारणारा माणूस जास्त दिसतो, हे मला आजही खटकतं. इंजिनिअरनं अटी विचारल्या की तो घाबरट, आणि न विचारता होकार दिला की तो लीडर, हा हिशेब कुणी बसवला? एचआरच्या स्लाइडवर टेक्निकल शिडी वेगळी काढलेली असते, मॅनेजर न होताही वर चढता येईल अशी. मी तीन कंपन्यांत पाहिली. तिच्यावर चढलेला माणूस अजून भेटायचाय.

तर कँटीन. हसणं संपल्यावर मी त्या मुलीला म्हटलं, "प्रश्न झाले. आता उत्तर दे. मगर, हो की नाही?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "हो. जमिनीवर, जानेवारीतल्या सकाळी, ऊन लागायच्या आधी. अंग गार असतं तेव्हा ती मंद असते. आधी डोळ्यांवर ओली गोणी टाकायची, मग मागून जायचं. पाच माणसं. मी तोंडाकडे, कारण बाकीच्यांना मी ओळखत नाही." तिच्या सोसायटीत पुरात शिरलेली मगर पकडायला स्वयंसेवक आले होते, तेव्हा तिनं गच्चीवरून सगळं बघून ठेवलं होतं.

सेल्सचा भाई म्हणाला, "पण आ तो चीटिंग छे, एकलानुं पूछ्युं हतुं."

काल तिचा फॉर्म माझ्याकडे आला. "जोखीम घेण्याची तयारी" या रकान्यात मी लिहिलं : मगर, हो. पाच माणसं, दोर आणि ओली गोणी दिल्यास. आज सकाळी एचआरची मेल आलीय, मॅडम, कृपया स्पष्टीकरण द्या.